उभ्या झाडाचा सौदा

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर तालुक्यांत, घोडेगावात किंवा ओतुरात, एखाद्या घरामागची जुनी चिंच उतरवायची असली की टोळी सकाळी लवकर येते, पण करवत बराच वेळ टेम्पोतच राहते. टोळीतला जाणता माणूस आधी झाडाभोवती फेरी मारतो. झाडाचा झोक कुणीकडे, कुठल्या बाजूला फांद्यांचा भार जास्त, बुंध्याजवळची माती भेगाळली आहे का, ढोली किती आत गेली आहे, हे तो पाहतो. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून आवाज ऐकतो. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पोकळ खोड बद्द आवाज देतं. मग नजर वर जाते. आग्या मोहोळ लागलंय का, वाळकी फांदी कुठे अडकून लोंबतेय का, घरट्यात पिल्लं आहेत का? शेवटी झाडाबाहेरचं सगळं बघून होतं: कौलं, पत्रे, विजेच्या तारा, गोठा, विहिरीचा कठडा. झाड पडायला मोकळी जागा नसेल तर ते शेंड्याकडून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं, आणि तसं करायचं की नाही हे या फेरीतच ठरतं. दिवसभरातलं सर्वांत मोलाचं काम हेच. त्याचे वेगळे पैसे मात्र कोणी देत नाही.

टोळी लहान असते. एक चढणारा, एक चेनसॉ चालवणारा, दोरावर दोघं-तिघं आणि फांद्या ओढून रचणारे काहीजण. चढणारा कमरेला कोयता खोचतो, खांद्यावर दोर घेतो आणि बहुतेक वेळा अनवाणीच वर जातो. डोक्याला हेल्मेट नसतं, अंगाला पट्टा नसतो. असलाच तर एखादा दोर कमरेभोवती घेऊन फांदीला बांधलेला. त्याचा सगळा भरवसा पायाच्या पकडीवर आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसांवर. वरून कापलेली फांदी सुटी सोडायची नसते. तिच्या बुडाशी दोर आवळून तो वरच्या बेचक्यातून फिरवून खाली आणतात, आणि दोरावरचे गडी ती हळूहळू उतरवतात. फांदी सुटताच दोराला बसणारा हिसका तिच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणून दोर एखाद्या खोडाला वेढे देऊन धरला जातो. नुसत्या हाताने धरणाऱ्याचे तळवे सोलवटून निघतात.

जाड फांदी वरून एका दमात कापली तर ती अर्ध्यावर आपल्याच वजनाने मोडते आणि खोडाची साल लांबवर सोलत खाली येते. त्यामुळे जाणकार आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा काप घेतो. मग जरा पुढे सरकून वरून पुरता काप देतो. भार गेला की उरलेला खुंट बेताने काढायचा. बेताने म्हणजे कसं, हा यातला खरा मुद्दा आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते राखून कापलं तर झाड जखमेभोवती नवी साल आणि नवं लाकूड वाढवत आणतं. कडंच छाटलं तर जखम मोठी होते आणि कूज खोडात शिरते. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी चेनसॉने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात एक गोष्ट सिद्ध केली. माणसाच्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजणारा भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि त्याच्या बाहेरून वाढत राहतं. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासून कूज थांबत नाही, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आलं.

झाड अख्खंच आडवं करायचं असेल तर पद्धत वेगळी. पडायच्या बाजूला आधी खाच, खोडाच्या जाडीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वरून, दुसरा काप. दोन्हींच्या मधे न कापलेल्या लाकडाची एक पट्टी राखायची. झाड पडू लागलं की तीच पट्टी त्याला धरून ठेवते आणि दिशा देते. घाईत पट्टी पार कापली गेली तर झाड कुठेही जाऊ शकतं. पुढे झोकलेल्या झाडाला खाच पुरेशी न घेता मागून काप दिला, तर खोड उभं चिरत जातं आणि मागचा फाळका कापणाऱ्याच्या छातीवर उसळतो. निलगिरीसारख्या सरळ धाग्याच्या लाकडात हा धोका मोठा.

प्रत्येक झाडाची खोड वेगळी. चिंचेचं लाकूड इतकं चिवट की चेनसॉच्या साखळीला पुन्हापुन्हा धार लावावी लागते. गुलमोहराची फांदी बघता बघता काडकन मोडते, तिच्यावर पाय ठेवायचा भरवसा नसतो. जुना आंबा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आत पोकळ निघतो. वडाचा चीक करवतीच्या पात्यावर चढून ती जड करतो. शिवाय वडाची अडचण त्याच्या पसाऱ्यात असते. आडव्या फांद्या लांबवर जातात आणि त्यांना खालून पारंब्या टेकू देतात. रस्त्यावर लोंबतात म्हणून कोवळ्या पारंब्या वर्षानुवर्षं छाटत राहिलं की फांदी लांबत जाते आणि तिला टेकू कधीच मिळत नाही. एका पावसाळ्यात ती मोडते, आणि दोष वडाला लागतो.

या धंद्याचा सगळा हिशेब लाकडावर चालतो. लाकडाचा व्यापारी शेतकऱ्याकडून उभं झाड उक्तं विकत घेतो. घेर पाहून, उंची पाहून, ढोलीचा अंदाज घेऊन एक रक्कम ठरते. पुढे लाकूड विकून त्यातून टोळीची मजुरी, डिझेल, टेम्पो आणि व्यापाऱ्याचा नफा निघायचा असतो. खोडाचे ओंडके आरा गिरणीत जातात, जाड फांद्या वखारीत किंवा वीटभट्टीवर, बारीक फांद्या गावातच सरपण म्हणून. बांधावरच्या निलगिरी आणि सुबाभळीच्या वाशांना टोमॅटोच्या आणि वेलभाज्यांच्या मांडवासाठी गिऱ्हाईक असतं. झाड जितकं पुरतं पडेल तितका सौदा फायद्याचा. उलट, तेच झाड तिसऱ्या हिश्शाने हलकं करायचं, झोकाच्या बाजूच्या दोन फांद्या कमी करायच्या, वाळकं काढायचं आणि बाकीचं उभं ठेवायचं म्हटलं, तर त्यातून लाकूड निघतं थोडं आणि काम होतं जास्त. चढणं तितकंच, धोका तितकाच, वर डोकं अधिक चालवायचं. हे पैसे झाडाच्या मालकाने खिशातून द्यावे लागतात. पाडलं तर हातात पैसे येतात आणि वाचवलं तर खर्च होतो, अशी स्थिती असताना कोणता मालक वाचवायचं म्हणेल? जुन्नर-आंबेगावात मोठी झाडं कमी होण्यामागे लोकांना झाडांची माया उरली नाही असं सर्रास बोललं जातं. हे बोलणं अन्यायाचं आहे. ज्या हातांना झाड राखून छाटता येतं, त्यांना पैसे फक्त पाडण्याचे मिळतात, हे खरं कारण आहे.

मोठं झाड राखायला कायदाही फारसा उपयोगी पडत नाही. गावाकडच्या खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. या यादीत वड नाही, पिंपळ नाही, उंबर नाही. बांधावरचा हाताएवढ्या जाडीचा साग यादीत बसतो आणि चार माणसांच्या कवेत न मावणारा वड बसत नाही. शहरांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक वर्षं वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याचं बंधन आलं. पण तो नागरी क्षेत्रांचा कायदा. जुन्नर शहरात नगरपरिषद असल्याने तो तिथे लागू होतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या झाडाला ही वयाची ओळख मिळत नाही.

अशा मोठ्या, जुन्या झाडांचं काय होतं, हे पुणे-नाशिक रस्त्याने डोळ्यांदेखत दाखवलं. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ५० आणि आता ६० असा क्रमांक असलेला हा रस्ता मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा दोन्ही तालुक्यांतून जातो. जुन्या रस्त्याच्या कडेने वड, चिंचा आणि कडुलिंब होते. खेड ते सिन्नर चौपदरीकरणात त्यांतली कितीतरी गेली. रुंदीकरणात जी झाडं वाचली, त्यांचंही सगळं ठीक झालं असं नाही. झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळं मुख्यतः जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. रस्त्याच्या कडेने गटारासाठी किंवा केबलसाठी चर खणला की एका बाजूची मुळं सपशेल कापली जातात. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षं ते हिरवंगार दिसतं, आणि मग वळवाच्या एका वावटळीत कापलेल्या बाजूचा आधार नसल्याने उलथून पडतं. तोपर्यंत चर खणणारा ठेकेदार कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि रात्री रस्ता मोकळा करायला त्याच टोळीला बोलावणं जातं.

गावातले पारही याला अपवाद नाहीत. देवळापुढच्या वडा-पिंपळाभोवती दगडाचा पार असे, त्यात माती असे, पाणी मुरे. आता सुशोभीकरणाच्या निधीतून बुंध्यापर्यंत सिमेंट आणि फरशी येते. बुंध्याचा पायाशी रुंदावणारा भाग गाडला जातो, मुळांना हवा मिळत नाही, आणि सालीला सतत ओल लागून कूज धरते. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं सिमेंट काढून किमान एक मीटर मोकळी जागा ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता. गावच्या पारासाठी असा आदेश कशाला हवा? ग्रामसभेच्या एका ठरावात हे काम होण्यासारखं आहे.

पश्चिमेकडे, डोंगराला लागलं की झाडाशी वागण्याची वेगळीच रीत दिसते. आहुपे, तळेघर, हातवीज, अंजनावळे या पट्ट्यात महादेव कोळी शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजत आले आहेत. उन्हाळ्यात शेतातल्या आणि बांधावरच्या ऐनासारख्या झाडांचा टहाळ तोडायचा, तो वाळवायचा, रोपाच्या जागेवर शेण-पालापाचोळ्यासह पसरून जाळायचा आणि पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरायचं. यासाठी झाड मारून चालत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाकडून टहाळ घ्यायचा असतो. मूळ खोड आणि मुख्य फांद्या राखून फक्त कोवळा विस्तार उतरवायचा, शेंडा ठेवायचा, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातात मुरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने या टहाळतोडीला नासधूस ठरवलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला.

त्या वनखात्याची एक सुरुवात जुन्नर तालुक्यातच झाली आहे. नारायणगावजवळच्या हिवऱ्याला कंपनी सरकारची वनस्पतींची बाग होती. ती आणि पुण्याजवळची दापोडीची बाग अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरांकडे होती. औषधी वनस्पतींची लागवड हा त्यांचा मुख्य उद्योग. डोंगरावरचं रान तुटलं की खालचे ओढे आटतात, हे ते सरकारला लिहून कळवत राहिले, आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पाण्याबद्दल त्यांची काळजी रास्त होती. पण झाड तोडणारा आणि झाड छाटणारा यांना एकाच रांगेत उभं करण्याची सवय सरकारी कागदांना तेव्हापासून लागली, ती अजून सुटलेली नाही. डोंगरउतारावरच्या रानाची आणि मातीची काळजी किती खरी आहे, हे आंबेगावला नव्याने सांगावं लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी तालुक्यातल्या मालीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. उतारावर झालेलं जमिनीचं सपाटीकरण आणि मुसळधार पाऊस यांची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली.

हिरड्याचं झाड हे या पट्ट्यातलं रोख उत्पन्न. उन्हाळ्यात कोवळी फळं पाडून वाळवायची, तो बाळहिरडा. त्यासाठी घरातली माणसं झाडावर चढतात, काठीने फांद्या झोडतात. कुठली फांदी माणसाचा भार घेईल आणि कुठली नाही, हे लहानपणापासून पायांना कळतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचं मोठं नुकसान झालं. फळ गेलं आणि झाडंही मोडली. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना पुढे वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. त्या लढ्यात भरपाईचा मुद्दा योग्यच होता. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट व्हायला हवी होती: अर्धवट मोडलेल्या झाडांचे चिरफाळलेले खुंट वेळेत नीट कापून घेणं. हे केलं तर मोडलेलं झाड पुन्हा धरण्याची आशा असते, नाही केलं तर कूज आत उतरते. ते करू शकणारी माणसं त्याच गावांत होती.

याच पट्ट्यातलं भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, ते प्रामुख्याने शेकरूसाठी. शेकरू उंच झाडांच्या शेंड्यांवरून एका झाडावरून दुसऱ्यावर झेपा घेत फिरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्यांना फांद्या भिडलेल्या असणं ही त्याची गरज. अशा ठिकाणी रस्त्याकडेची एक फांदी कापतानाही तिच्यापलीकडे काय आहे हे पाहावं लागतं. पक्ष्यांच्या घरट्यांचंही तसंच. घरटी आणि अंडी यांना धक्का लावणं हे १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर २०२२मध्ये महामार्गासाठी एक चिंच पाडली, तेव्हा झाडावरची पिल्लं आणि पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि गुन्हे दाखल झाले. बगळे-पाणकावळ्यांची वीण पावसाळ्यात असते. दोन महिने थांबलं असतं तर झाड पाडूनही पक्षी वाचले असते.

मोठं झाड राखण्यासाठी त्याचा मोठा भाग काढावा लागतो, याचं सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानात आहे. तिथल्या प्रसिद्ध वडाला १८६४ आणि १८६७च्या वादळांचा तडाखा बसला, पुढे मूळ खोडाला बुरशी लागली, आणि १९२५ साली ते खोड पुरतं काढून टाकण्यात आलं. पारंब्यांपासून झालेल्या खोडांवर झाड आजही पसरत आहे. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड वेगळा धडा देतो. जवळपास चारशे वर्षांचा मानला जाणारा हा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२०मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली. दोनच वर्षांनी, २०२२च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो कोसळला. तोड थांबवणं ही पहिली पायरी होती. त्यानंतर झाडाची तपासणी, भार कमी करणं, फांद्यांना टेकू देणं हे सगळं करायला जाणकार माणूस लागतो, आणि त्याची तरतूद आंदोलनाच्या मागणीपत्रात बहुधा नसते.

आणि झाडावर चढणाऱ्या माणसाचं काय? विजेची तार जवळ असेल तर लाइन बंद करून परमिट घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये, हा नियम आहे. महावितरणची पावसाळ्याआधीची छाटणी तशीच होते. खासगी कामात मात्र एवढ्याशा कामाला लाइन कशाला बंद करायची, असं म्हणून ओल्या फांदीसकट माणूस तारेजवळ जातो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात आणि उंचावरून पडणं त्यात बसतं. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातली व्यक्ती असावी लागते. झाडावर चढणाऱ्याच्या नावावर जमीन नसली, तर ज्या शेतात तो पडला त्या शेताच्या मालकाला असलेलं संरक्षण त्याला नाही. ब्रिटनमध्ये झाडांची निगा राखणाऱ्यांची व्यावसायिक संघटना १९६४ साली उभी राहिली, म्हणजे आपल्याकडे वृक्षतोडीचा कायदा झाला त्याच वर्षी. तिथे चढण्याचं, दोराचं, चेनसॉचं प्रशिक्षण आणि परीक्षा असतात. आपल्याकडे बहुतेकजण दुसऱ्याचं बघून शिकतात आणि पहिली मोठी चूक जीवावर बेतते.

हे बदलणं फार अवघड नाही. जुन्नरला वन विभागाचं मुख्य कार्यालय आहे, बिबट्या पकडण्याच्या कामासाठी इथल्या वनकर्मचाऱ्यांना तयार करण्यात आलं आहे, माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र राज्याला ठाऊक आहे. झाडांसाठी अशीच एक प्रशिक्षित तुकडी तयार करता येईल. डोंगरातल्या गावांतली तरुण मुलं तिच्यात आली, तर त्यांना चढायला शिकवावं लागणार नाही. पट्टा, हेल्मेट, दोराच्या गाठी आणि चेनसॉची शिस्त एवढंच द्यावं लागेल. ग्रामपंचायतींनी दर वर्षी मे महिन्याआधी शाळा, एसटी थांबा, बाजारतळ आणि पार इथल्या मोठ्या झाडांची पाहणी करून घ्यावी, आणि पाहणीची मजुरी लाकडातून वळती न करता रोख द्यावी.

पश्चिमेकडच्या गावांतली माणसं आजही कामाच्या दिवसांत भल्या पहाटे नारायणगावच्या मजूर बाजारात उभी असतात. शेतकरी येतात, टोमॅटो तोडायला किती, कांदा लावायला किती, असं विचारतात, रोज ठरतो, गाडी भरते आणि निघते. टहाळ तोडणारे, हिरड्यावर चढणारे हात त्या गाडीत बसून टोमॅटोच्या मांडवाकडे जातात, आणि वाटेत बाजारतळावरच्या वडाची मोडकी फांदी पाडायला कोणीतरी व्यापाऱ्याला फोन करत असतो. फोन करणाऱ्याने सौदा लाकडाचा न करता कामाचा करावा: पाहणीचे इतके, चढण्याचे इतके, दोराचे इतके, आणि झाड उभं राहणार.